गादीवाल्याची नात

आमच्या शाळेच्या फाटकाला लागून आठ बाय दहाची एक खोली आहे. खेळाचे सर तिच्यात हवा गेलेले व्हॉलीबॉल, लेझमी आणि प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाचे ढोल ठेवतात. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी, सोमवारी, सकाळी लवकर येऊन मी ती खोली रिकामी करवली, शिपायाकडून झाडून घेतली आणि घरून आणलेला एक आरसा खिळा ठोकून भिंतीला लावला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मी घरातल्या कितीतरी वस्तू शाळेत आणून लावल्या. घड्याळ, कॅलेंडरं, एकदा तर टेबलफॅनसुद्धा. पण त्या आरशाइतकी लाज मला कशाचीच वाटलेली नाही.

कर्नाटकात त्या वर्षी काय चाललं होतं ते वाचकांना आठवत असेल. उडुपीच्या एका पदवीपूर्व कॉलेजात मुलींच्या हिजाबावरून सुरू झालेलं प्रकरण पाहता पाहता राज्यभर पसरलं. ५ फेब्रुवारीला सरकारचा गणवेशाबद्दलचा आदेश निघाला, १० तारखेला हायकोर्टाचा अंतरिम हुकूम झाला आणि मध्येच बंद ठेवलेली हायस्कुलं त्या सोमवारी उघडली. हुकूम कॉलेजांपुरता की आम्हालाही लागू, यावर दोन वकिलांची दोन मतं होती. मला मात्र वरून फोनवर एकच मत कळवण्यात आलं. आमची शाळा मराठी माध्यमाची. पण मागची गल्ली मुसलमानांची, त्यामुळे तिथल्या अकरा मुली तेव्हा पटावर होत्या. त्यांतल्या चौघी डोक्याला रुमाल बांधून येत. मी फाटकाशी उभा राहून, आवाज शक्य तितका मऊ करून, त्यांना ती खोली दाखवली. तिघी आत गेल्या आणि मान खाली घालून वर्गाकडे निघून गेल्या. चौथी दहावीतली. तिनं दारातून आत पाहिलं आणि विचारलं, "सर, आरसा कशाला लावलात?" मला उत्तर सुचलं नाही. ती वळली आणि घरी गेली. परीक्षेला सहा आठवडे उरले होते.

ही गादीवाल्याची नात. तिच्या आजोबांचं बाजारात गाद्या भरायचं दुकान होतं. कापसाचे तंतू भुवयांवर घेऊनच ते गिऱ्हाइकाशी बोलत. त्यांची माझी ओळख १९९४ सालची. मी कोल्हापुरास इतिहास घेऊन एम. ए. केलेलं, नुकता नोकरीला लागलेला, आणि डोक्यात हमीद दलवाई. आमच्या पिढीतल्या वाचत्या मुलांना दलवाई म्हणजे एक ताप येऊन गेल्यासारखे होते. अंगातून उतरले तरी आठवण राहते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचा हा माणूस. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुसलमान बायकांचा मोर्चा घेऊन तो मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. तोंडी तलाक बंद करा, एवढं म्हणायला सातजणी! २२ मार्च १९७० रोजी त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं, नाव थेट जोतीरावांच्या समाजावरून घेतलेलं. १९७७ च्या मे महिन्यात, वयाची पंचेचाळीस वर्षंही पुरी न होता, ते गेले. तोंडी तलाक रद्द ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये. दलवाईंचं एक म्हणणं मला फार पटलेलं होतं. महाराष्ट्रातल्या मुसलमानानं उर्दूचा हट्ट सोडावा, पोरांना मराठी शाळेत घालावं, म्हणजे तो चारचौघांत मिसळेल.

तर असा मी, पंचवीस-सव्वीस वर्षांचा, गादीवाल्यांच्या दुकानात जाऊन बसलो. त्यांचा मुलगा उर्दू शाळेत सातवी पास झाला होता. त्याला आठवीला आमच्याकडे पाठवा म्हणून मी त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं. त्यांनी हातातलं काम न थांबवता सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, तुमचं लगीन व्हायचंय न्हवं? उद्या पोरं होतील. त्यांना कानडी शाळेत घालणार काय?"

मी म्हटलं, "चाचा, तो प्रश्न वेगळा."

"कसा काय वेगळा?"

वाचकहो, मी १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीच्या विरोधातल्या मोर्चात होतो. मातृभाषेतून शिक्षण तुटलं की मूल मुकं होतं, हे वाक्य मी वक्तृत्व स्पर्धांतून इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यावर मला दोन ढाली मिळाल्या होत्या. आणि तरी त्या दुकानात, कापसाच्या धुरळ्यात, तो प्रश्न वेगळा कसा ते मला सांगता येईना. शेवटी चाचांनीच माझी सुटका केली. "घालतो तुमच्याकडं. उर्दू हायस्कूल लांब पडतंय, सायकलीला पैसे न्हाईत." दलवाईंचा विचार आमच्या गावात असा दोन मैलांच्या अंतरावर जिंकला.

मुलगा आला. सात वर्षं उजवीकडून डावीकडे लिहिलेला हात त्याला डावीकडून उजवीकडे वळवावा लागला. बोलायला मराठी पोपटासारखी, पण इतिहासाच्या उत्तराची एक ओळ लिहायला त्याला मधली सुटी लागे. नववीत दोनदा बसला आणि मग गाद्या भरायला गेला. माझ्या वर्गातून.

एम. ए. ला आम्हाला शिकवलं ते असं: अठराशे सत्तावन्ननंतर भारतीय मुसलमानांत दोन वाटा फुटल्या. एक अलीगढची, म्हणजे पुढे जाणारी; दुसरी देवबंदची, म्हणजे मागे पाहणारी. परीक्षेत पाच गुणांना एवढं पुरे. पण गादीवाल्यांच्या प्रश्नानंतर मी हे पुन्हा वाचायला घेतलं, कधी ग्रंथालयातून, कधी धारवाडच्या एका स्नेह्याकडून पुस्तकं मागवून, आणि पाच गुणांचं उत्तर डळमळू लागलं.

देवबंदचा दारुल उलूम सुरू झाला मे १८६६ मध्ये, छत्ता मशिदीच्या आवारातल्या डाळिंबाच्या झाडाखाली. एक शिक्षक, एक विद्यार्थी आणि दोघांचंही नाव महमूद. मौलाना कासिम नानौतवींनी घालून दिलेले नियम वाचताना मला आमच्या संस्थेच्या जुन्या कार्यकारिणीची आठवण झाली. सरकारची मदत घ्यायची नाही, कायमच्या उत्पन्नाच्या मागे लागायचं नाही, साध्या माणसांच्या लहान लहान वर्गण्यांवर शाळा चालवायची. संघटना मात्र त्यांनी इंग्रजी शाळांसारखी बांधली: इयत्ता, हजेरी, ठरलेला अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा. आणि शिकवायची भाषा उर्दू, म्हणजे लोकांच्या तोंडातली. सर सय्यद अहमद खानांनी अलीगढला मदरसा काढला १८७५ च्या मे महिन्यात, दोन वर्षांनी त्याचं कॉलेज झालं. सर सय्यद एके काळी, १८६७ च्या सुमारास, देशी भाषेतून शिकवणारं विद्यापीठ मागत होते. पुढे त्यांचं मत पालटलं आणि ते इंग्रजीकडे वळले. म्हणजे ज्याला आम्ही जुनाट म्हटलं त्यानं जनभाषा धरली आणि ज्याला आधुनिक म्हटलं त्यानं साहेबाची. आमच्याकडे टिळक-आगरकरांच्या शाळेचं नावही न्यू इंग्लिश स्कूल होतंच की! तेव्हा या बाबतीत कुणी कुणाला हसू नये.

देवबंदचं सगळं मला पटतं असं मात्र नाही. अठराव्या शतकात जुळवलेला दर्स-ए-निजामी घेऊन मुलाला विसाव्या शतकात सोडायचं, त्याला गणित नाही, भूगोल नाही, हे मास्तर म्हणून मला पाप वाटतं. पण मुसलमान म्हटलं की मदरसा, ही आपली समजूतही तपासून पाहावी. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मदरशात जाणारी मुलं शेकडा तीन-चारच निघाली. बाकीची कुठल्या ना कुठल्या साध्या शाळेत होती, किंवा गादीवाल्यांच्या मुलासारखी कुठल्याच नव्हती.

या दोन वाटा वेगळ्या राहिल्या असंही नाही. असहकाराच्या दिवसांत, २९ ऑक्टोबर १९२० रोजी, सरकारी मदत नको म्हणणाऱ्या अलीगढच्या मुलांनी नि शिक्षकांनी जामिया मिल्लिया ही राष्ट्रीय शाळा काढली. तिचं उद्घाटन केलं महमूद हसन यांनी. माल्टाच्या कैदेतून ते त्याच वर्षी सुटून आले होते, इतके आजारी की त्यांचं भाषण दुसऱ्यानं वाचून दाखवलं. महिन्याभरात ते वारले. हा कोण? देवबंदच्या त्या डाळिंबाखालचा पहिला विद्यार्थी. पुढे जामिया दिल्लीला गेली, पैशाविना बंद पडायची वेळ आली, तेव्हा जर्मनीतून आलेल्या झाकिर हुसेन यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी वीस वर्षं सेवा करायची नि महिन्याला दीडशे रुपयांच्या वर घ्यायचं नाही, अशी शपथ घेऊन ती जगवली. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांची वीस वर्षांची शपथ ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. पण आमच्या क्रमिक पुस्तकांत ती नव्हती. याच झाकिर हुसेनांना १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला बोलावून शिक्षण समितीचं अध्यक्षपद दिलं. सात वर्षं सक्तीचं, मोफत शिक्षण, हाताला काम, आणि माध्यम मुलाची मातृभाषा. मातृभाषेचा तो आग्रह महाराष्ट्राच्या भूमीवर, एका मुसलमान शिक्षकाच्या सहीनं, लिहिला गेला. माझ्या दोन ढालींचा खरा धनी तो.

यावर आमचे हैदराबादचे एक वाचक मला पत्र लिहितील, हे ठाऊक असल्यामुळे आधीच सांगतो. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं निघालं ही देशी भाषेच्या दृष्टीनं मोठी गोष्ट. पण निजामाच्या मुलखातल्या मराठी, तेलुगू, कानडी पोरांना ती भाषा राजाची होती, आईची नव्हती. एकच उर्दू, एका गावात आई आणि दुसऱ्या गावात फौजदार. भाषेचं असंच असतं, आणि ते सीमाभागातल्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

गादीवाल्यांच्या मुलाचं लग्न झालं, २००६ साली मुलगी झाली. तिला त्यानं पहिलीपासून मराठी शाळेत घातलं. मी काही सांगायला गेलो नव्हतो. उलट माझ्या मनात होतं की तो म्हणेल, तुम्ही माझं वाटोळं केलंत. तो एवढंच म्हणाला, "अर्ध्यातनं बदललं की गडबड होते सर. सुरुवातीपास्नंच एक धरावं."

दरम्यान मागची गल्ली बदलत होती. नव्वदनंतर मशिदीत बिछाने खांद्यावर घेतलेल्या जमाती येऊ लागल्या. रोजा-नमाजाची शिस्त वाढली, उरुसातली कव्वाली कमी झाली, काहीजण आखातात जाऊन आले. चाचांची बायको जन्मभर इरकल साडीत वावरली, डोक्यावर पदर असे एवढंच. बुरखा तिनं पाहिला असेल तो सिनेमात. सून बुरख्यात आली. नातीनं सातवीपासून रुमाल बांधला. मला हे आवडलं नाही, आजही आवडत नाही. गावच्या मातीतला पोषाख जाऊन बाहेरचा आला की मला तो तोटा वाटतो. पण मास्तर हजेरीपटातून जग पाहतो, म्हणून दुसरा हिशेबही मांडतो. इरकलवाली आजी अंगठा उठवीत असे. १९९४ साली आमच्या पटावर त्या गल्लीतली एकही मुलगी नव्हती. रुमाल आला त्याच वर्षांत मुलीही आल्या. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. पण रुमाल काढा, मग शिका, हे म्हणणं जितकं सोपं वाटतं तितकं ते मला हजेरीपटात सापडत नाही.

ही मुलगी नववीत असताना, मी समाजसुधारकांचा धडा घेत होतो. राजा राममोहन, फुले, रानडे आणि दोन परिच्छेद सर सय्यद. तिनं हात वर केला. "सर, त्या अलीगढच्या कॉलेजात मुलींना कधी घेतलं?" मी म्हणालो, "ते आपल्या पोर्शनमध्ये नाही." घंटा व्हायला सात मिनिटं होती आणि मला ते माहीत नव्हतं, ही खरी गोष्ट.

मग शोधलं. सर सय्यदांनी १८८२ च्या शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली तिचा मथितार्थ असा, की आधी पुरुष चांगले शिकू देत, बायकांचं मग पाहू. केवढा मोठा माणूस, आणि फाटकाशी येऊन थांबला. त्यांच्यामागे आठ वर्षांनी, १९०६ साली, अलीगढलाच शेख अब्दुल्ला आणि त्यांची पत्नी वहीद जहाँ यांनी मुलींची शाळा काढली, तिचंच पुढे महिला कॉलेज झालं. (त्याच १९०६ साली आमच्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी मुसलमान मुलांसाठी बोर्डिंग काढलं आणि त्या संस्थेचं अध्यक्षपद स्वतःकडे घेतलं. दसरा चौकातल्या त्या बोर्डिंगवरून मी एम. ए. ची दोन वर्षं चालत गेलो, एकदाही आत गेलो नाही.) कलकत्त्याला १९११ साली बेगम रुकैया यांनी आठ मुलींवर शाळा मांडली, दारोदार फिरून, पडद्याच्या गाडीची हमी देऊन पोरी मिळवल्या. आणि १९२० मध्ये अलीगढचं विद्यापीठ झालं तेव्हा त्याची पहिली कुलपती कोण झाली? भोपाळची बेगम सुलतान जहाँ. बाई बुरखा घेऊन राज्य चालवीत असे. आमच्या फाटकाशी ती आली असती तर मी तिलाही आरसा दाखवला असता.

ती मुलगी घरी बसली. मी रोज तिच्या मैत्रिणींबरोबर नोट्स पाठवीत होतो आणि रोज मनाशी म्हणत होतो की उद्या तिला तशीच वर्गात बसू देऊ, होईल ते होईल. दोन वेळा फोन उचलून ठेवला. निवृत्तीला सहा-सात वर्षं होती, घराचं कर्ज फिटायचं होतं. १५ मार्चला हायकोर्टाचा निकाल आला, मुलींच्या विरुद्ध. (पुढे ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली, त्यांतल्या एकांनी मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न सगळ्यांच्या आधी ठेवला होता. पण तोवर आमची परीक्षा होऊन गेली होती.)

निकालाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा बाप आला, बरोबर मशिदीतले मौलाना. तरुण माणूस, सहारनपूरकडे शिकून आलेला. मी मनातून वादाची तयारी केली. मौलाना खुर्चीच्या टोकाशी बसून हिंदीत म्हणाले, "सर, मी तिला सांगितलंय की परीक्षा सोडू नकोस. इल्म फर्ज आहे. पण ती माझं ऐकत नाही. तुम्ही सांगून पाहा." मी म्हटलं, "माझं तर मुळीच ऐकणार नाही." मग आम्ही तिघंही हसलो, काय करणार! चहा झाला. जाताना मौलानांनी भिंतीवरचा वेळापत्रकाचा तक्ता वाचला आणि विचारलं, विज्ञानाला तुमच्याकडे आठवड्याला किती तास? मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

२८ मार्चला पहिला पेपर. केंद्र दुसऱ्या शाळेत होतं. मी समोरच्या चहाच्या टपरीशी उभा होतो. साडेनऊच्या सुमारास बापाच्या स्कूटरवरून ती आली. फाटकाबाहेर, रस्त्यावरच, तिनं रुमाल सोडला, चार घड्या केल्या, बापाच्या हातात दिला आणि आत गेली. कुणाकडे पाहिलं नाही. तिचा बाप तीन तास त्या घड्या हातात धरून उन्हात उभा होता. मी त्याला सावलीत बोलावलं. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग तो म्हणाला, "मला नववीत दोनदा बसवलंत सर. हिला तेवढं एकदाच बसवा." ती पहिल्या वर्गात पास झाली.

यंदा जूनमध्ये ती शाळेत दाखल्याची नक्कल मागायला आली. बी. एस्सी. झाली आहे, बी. एड. करायचं म्हणते. रुमाल बांधलेला होता. दाखला तयार होईपर्यंत समोर बसली, आणि इतकी वर्षं विचारायचं होतं ते मी विचारलं, "त्या दिवशी तू परीक्षेला आलीस ती कुणाच्या सांगण्यावरून? अब्बांच्या की मौलानांच्या?"

"कुणाच्याच न्हाई, सर. अभ्यास झाला होता."

मी ड्रॉवरमधून एक कागद काढला. तिच्या नववीतल्या प्रश्नाचं उत्तर मी त्यावर केव्हाच लिहून ठेवलं होतं: १९०६, शेख अब्दुल्ला, वहीद जहाँ. तिनं वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला. "हे मी तेव्हाच मोबाइलवर बघितलं होतं सर," ती म्हणाली, "पण असू दे, अक्षर तुमचं आहे."

जाताना ती फाटकाजवळच्या खोलीत डोकावली. व्हॉलीबॉल आणि ढोल परत आपल्या जागी आले आहेत. आरसा अजून तिथंच आहे. खेळाचे सर काढू देत नाहीत. दहावीची मुलं मधल्या सुटीत त्यात भांग पाडतात.